यंत्र बंद, वर्तुळ चालू

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड आहे आणि प्लॅस्टिकच्या वर्तुळाकार अर्थव्यवस्थेत, म्हणजे वापरलेलं प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणायच्या धंद्यात, उतरायचंय? मग वॉशिंग लाइनवर पैसे घालू नका. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यात मळक्या पिशव्या कुठं धुत बसता? भिंतीला मोठा टीव्ही लावा आणि त्यावर आकडे-आलेखांचा डॅशबोर्ड फिरू द्या. बँकवाले वॉशिंग टाकीत डोकावत नाहीत.

माल निवडायचीही गरज नाही. टॉवेलच्या पॅकिंगची पॉलिथिन पिशवी आणि शेंगा चटणीचं बहुथरी पाकीट एकाच पोत्यात भरा, वर क्यूआर कोड चिकटवा. पोतं कुठून आलं ते कळेल. आत काय आहे ते कळणार नाही, हीच तर सोय. पाकिटात नायलॉनचा थर असला तर तो २२० अंशांच्या आसपास वितळतो आणि तुमचा एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून दाणे काढणारं यंत्र, पॉलिथिनसाठी १८०-२०० वर चालतो. न वितळलेले कण जाळीत अडकतात, प्रेशर चढतं, ऑपरेटर जाळ्या बदलून वैतागतो. राहिलेल्या ओलीची वाफ दाण्यात पोकळ्या पाडते आणि फिल्म काढताना हवेनं फुगवलेला प्लॅस्टिकचा फुगा तिथंच फाटतो. यावर उपाय म्हणजे सेन्सर. फुगा किती वाजून किती मिनिटांनी फाटला, ते मोबाइलवर येईल.

अवरक्त किरणांनी प्लॅस्टिकचा प्रकार ओळखणारा एनआयआर सॉर्टरही घ्याच. काळा माल त्याला ओळखता येत नाही, कारण त्यातली रंगाची काजळी, कार्बन ब्लॅक, ते किरणच शोषून घेते. कचरा वेचणाऱ्या मावशी टिचकीच्या आवाजावरून नि जळक्या वासावरून पीव्हीसी बाजूला काढतात, पण त्यांना लॉगिन कुठंय? सोडून द्या.

खरा माल म्हणजे ईपीआर प्रमाणपत्र, म्हणजे प्लॅस्टिक वापरणाऱ्या कंपन्या आपली जबाबदारी पार पडल्याचा पुरावा म्हणून विकत घेतात तो कागद. त्याला ना ओल, ना एमएफआय (वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचं माप). फक्त हिशेब जपा. मळक्या १०० किलोंचे १०० किलो दाणे दाखवू नका. माती आणि पाण्याची घट लिहा. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. तपासनीस आता वीजबिल मागेल. किलोला अर्धा युनिट धरला तरी ५०० टनांना अडीच लाख युनिट होतात. तुमचं बिल पिठाच्या गिरणीएवढं असून कसं चालेल?

म्हणून एक्स्ट्रूडर रिकामा फिरवाल, तर स्क्रू बॅरलला घासून दोन्ही जातील. त्यापेक्षा ऑफिसात एसी वाढवा. सोलापूरच्या मे महिन्यात कुणाला शंकाही यायची नाही.