मूत्रपिंडांवर अन्याय झालाय!
शरीरातल्या अवयवांवरचा तुमचा लेख छान, हृदय आणि फुफ्फुसांचा भाग तर फारच सोपा करून सांगितलाय. पण मूत्रपिंडांना 'रक्तातली घाण गाळणारी चाळणी' म्हणून एका ओळीत उरकलंत, ते काही पटलं नाही. दोन्ही मिळून वजन जेमतेम 300 ग्रॅम, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा तिकडे जातो. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर! म्हणजे खरं काम गाळण्याचं कमी, परत घेण्याचं जास्त. कपाट आवरताना आधी सगळं बाहेर काढायचं आणि हवं तेवढंच परत ठेवायचं, तसा प्रकार. निरोगी माणसात गाळलेली साखर जवळजवळ सगळी परत रक्तात जाते. रक्तातली साखर साधारण 180 मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेली की मगच ती लघवीत उतरू लागते.

शिवाय रक्तदाब सांभाळणं, ड जीवनसत्त्व कामाला लावणं, अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायचा निरोप धाडणं हेही यांच्याकडेच. म्हणून तर मूत्रपिंडाच्या जुनाट रुग्णांचं हिमोग्लोबिन घसरतं. (आणि 'किडनी डिटॉक्स' चहा विकणाऱ्यांनो, हे काम ती फुकटात करतात हो!)

पुढच्या भागात क्रिएटिनिनबद्दल (मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ; त्याच्या रक्ततपासणीवरून त्यांचं काम जोखतात) जरूर लिहा. मूत्रपिंडांची निम्मी कार्यक्षमता जाईपर्यंत हा रिपोर्ट 'नॉर्मल' दिसू शकतो, हे मधुमेह आणि रक्तदाबवाल्या कित्येकांना माहीतच नसतं.