पाद्र्यानं खुनाची गोष्ट लिहिली, तर बिघडलं कुठे?

ब्रिटिश लेखक रिचर्ड कोल्स यांच्याबद्दल एक तक्रार हल्ली फार फिरते. तिचा सारांश असा: हा माणूस एकेकाळचा पॉपस्टार, मग पाद्री, मग रेडिओवरचा लाडका आवाज आणि आता खुनाच्या गोष्टींचा लेखक. नाव आधीच मोठं, म्हणून पुस्तकं खपतात. झगा घातलेल्या माणसानं खून रंगवायचे ही नवी क्लृप्ती. त्यातही ‘कोझी क्राइम’ म्हणजे प्रेताशेजारी चहा आणि केक, मरणाची निव्वळ थट्टा. आणि ते गोजिरवाणं इंग्लिश खेडं तर कधी नव्हतंच.

चारही आरोप एका दमात केले जातात, त्यामुळे एकाच्या आधारावर दुसरा तरून जातो. सुटे करून पाहिले तर एकात तथ्य आहे, एक अर्धामुर्धा खरा आहे आणि मधले दोन साफ चुकीचे आहेत.

तथ्य असलेला आधी घेतो. नावामुळे पुस्तक खपतं का? खपतं. कोल्स ‘द कम्युनार्ड्स’ या जोडगोळीतले कीबोर्डवादक. जिमी सॉमरव्हिलच्या आवाजातलं त्यांचं गाणं १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात धर्मशास्त्र शिकून २००५ मध्ये ते इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे पाद्री झाले. बीबीसी रेडिओ ४ वर शनिवार सकाळचा कार्यक्रम त्यांनी अनेक वर्षं चालवला, २०१७ मध्ये टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेतही उतरले. कॅनन डॅनियल क्लेमेंट या काल्पनिक पाद्र्याभोवती फिरणारी त्यांची पहिली कादंबरी २०२२ ची, म्हणजे टीव्हीवरचे सूत्रसंचालक रिचर्ड ऑस्मन यांच्या पहिल्या रहस्यकथेनं बाजार मारल्यानंतर दोन वर्षांनी. प्रकाशकानं हिशेब केला नसेल असं मानायला मी काही इतका भाबडा नाही.

पण प्रसिद्धीमुळे पुस्तक दुकानाच्या दर्शनी टेबलावर जातं, आतला मजकूर प्रसिद्धीतून येत नाही. या कादंबऱ्यांत ना पॉपसंगीताचं जग आहे, ना स्टुडिओ. आहे ते फुलं लावणाऱ्या बायकांचं मंडळ, प्रार्थनेच्या वेळा, चर्चचा खर्च आणि जमीनदाराची मर्जी. हे सगळं कोल्स शिकले ते आधी लिंकनशरमधल्या बॉस्टनला सहायक पाद्री असताना आणि मग नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फिनडनला २०११ ते २०२२ व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे मुख्य पाद्री असताना. पाद्र्यानं पैशासाठी रहस्यकथा लिहिणं हेही काही नवं नाही. रोनाल्ड नॉक्स ऑक्सफर्डला कॅथलिक विद्यार्थ्यांचे धर्मगुरू होते, तेव्हा खर्चाची तोंडमिळवणी करायला ते रहस्यकथा लिहायचे. चर्चमधल्या वरिष्ठांना ते फारसं रुचत नव्हतं, हेही जुनंच.

नॉक्स यांचं नाव निघालंच आहे, तर दुसऱ्या आरोपाकडे वळू. ‘पाद्री आणि खूनकथा ही नवी क्लृप्ती.’ असं म्हणणाऱ्यानं इंग्रजी रहस्यकथेचा इतिहास उघडूनच पाहिलेला नाही. या प्रकाराचा पाया घालणाऱ्यांत चर्चची माणसं इतकी आहेत की, त्यांना वगळलं तर इमारतीला भोकं पडतील.

नॉक्स १८८८ चे, एका अँग्लिकन बिशपचे चिरंजीव. १९१७ मध्ये कॅथलिक झाले, पुढल्या वर्षी कॅथलिक पाद्री. एकट्यानं अख्खं बायबल नव्यानं इंग्रजीत आणणारे हेच. शेरलॉक होम्सच्या कथा धर्मग्रंथासारख्या गंभीरपणे तपासून त्यांतल्या विसंगतींवर थट्टेचा शोधनिबंध लिहिला तोही यांनीच, १९११ मध्ये. जगभरचे होम्सप्रेमी आजवर तोच खेळ खेळताहेत. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसलाच पाहिजे, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या चालणार नाहीत, गुप्तहेरानं स्वतः खून करायचा नाही. आणि दुसरी आज्ञा अशी की, अलौकिक शक्तींना गोष्टीत मुळीच थारा नाही. पाद्री सांगतोय की देव-भूत यांना मध्ये आणू नका, कोडं बुद्धीनं सुटलं पाहिजे. धर्म आणि तपास यांचं वाकडं आहे असं समजणाऱ्यांनी ही आज्ञा दोनदा वाचावी.

आणि रेडिओ? १६ जानेवारी १९२६ ला नॉक्स यांनी एडिंबरातून बीबीसीवर एक खोटं बातमीपत्र वाचलं. लंडनमध्ये बेकारांचा जमाव खवळलाय, बिग बेनचा मनोरा तोफांनी पाडला, सॅव्हॉय हॉटेल उडवलं, वाहतूक मंत्र्याला खांबाला लटकवलं. सुरुवातीलाच हा विनोद आहे असं सांगितलं होतं, शिवाय या दंगलीचा पुढारी होता नाटकांच्या तिकिटांच्या रांगा बंद करा म्हणणाऱ्या चळवळीचा चिटणीस. तरीही लोक घाबरले. बर्फामुळे अनेक गावांत वर्तमानपत्रं उशिरा पोचली आणि घबराट वाढली. ऑर्सन वेल्सच्या रेडिओनाटकातल्या मंगळवासीयांनी अमेरिकेतल्या श्रोत्यांना घाबरवलं त्याच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. पाद्री, प्रसारक आणि रहस्यकथाकार हे त्रिकूट एका माणसात शंभर वर्षांपूर्वीच नांदत होतं.

रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स पाद्र्याची मुलगी. त्यांची १९३४ ची कादंबरी इंग्लंडच्या दलदली भागातल्या एका चर्चच्या घंटांभोवती फिरते, आणि घंटा वाजवण्याचं गणित त्यात इतकं आहे की मला दोन प्रकरणं पुन्हा वाचावी लागली. याच बाईंनी १९४१-४२ मध्ये बीबीसीसाठी येशूच्या जीवनावर नाट्यमाला लिहिली. येशूच्या तोंडी रोजच्या वापरातलं इंग्रजी घातलं म्हणून प्रसारणाआधीच धर्मनिंदेची ओरड झाली होती.

पण या आरोपाला खरं उत्तर इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन देऊन गेले आहेत. फादर ब्राउन ही गुन्हे उकलणाऱ्या पाद्र्याची त्यांची व्यक्तिरेखा बेतलेली होती जॉन ओकॉनर या यॉर्कशरमधल्या कॅथलिक पाद्र्यावर. चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात प्रसंग सांगितलाय. ओकॉनर यांच्याशी बोलताना त्यांना कळलं की, माणसाच्या दुष्टपणाबद्दल या शांत गृहस्थाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. त्याच दिवशी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. ओकॉनर खोलीतून बाहेर गेल्यावर त्यांतला एक म्हणाला, चार भिंतींत कोंडून राहणाऱ्याला जगातल्या खऱ्या पापाची काय कल्पना! चेस्टरटन यांना हसू आवरेना. फादर ब्राउन जन्मला तो त्या हसण्यातून.

आजची तक्रार त्या विद्यार्थ्याचीच आहे. इंग्लंडमधला व्हिकर फक्त रविवारी भेटणारा माणूस नसतो. त्याच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या कुणालाही, तो चर्चला येवो न येवो, तिथल्या चर्चच्या स्मशानभूमीत जागा असेल तर दफनाचा हक्क असतो. त्यामुळे व्हिकर प्रत्येक घरात जातो, आणि बहुतेकदा वाईट दिवशी. कोण कुणाशी बोलत नाही, मृत्युपत्रात काय आहे, अंत्यविधीला कोण मुद्दाम आलं नाही, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडतं. शिवाय कुणी पापाची कबुली दिली तर ती उघड करायची नाही, हा १६०३ च्या चर्च-नियमांतला दंडक आजही शिल्लक आहे. ज्याला सगळं कळतं आणि बोलता येत नाही, असा माणूस रहस्यकथेला फुकट मिळतोय. लेखक तो सोडेल कशाला? अमेरिकेत हॅरी केमेलमन यांनी १९६४ मध्ये हेच काम एका रब्बीवर, म्हणजे ज्यू धर्मगुरूवर सोपवलं होतं. आपल्याकडे तर रेव्हरंड टिळक आणि फादर दिब्रिटो वाचलेल्यांना पाद्री लेखक असण्याचं नवल वाटायलाच नको. खुनाची गोष्ट तेवढी त्यांच्याकडून राहून गेली.

तिसरा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो: मरणाची थट्टा. कोल्स तरुण असताना लंडनमध्ये त्यांच्या वर्तुळातले समलिंगी मित्र एड्सनं एकापाठोपाठ एक जात होते. खाणकामगारांच्या संपाला पाठिंबा देणारा गट उभा करणारा मार्क ॲश्टन फेब्रुवारी १९८७ मध्ये गेला, वय २६. त्याच्या आठवणीत कम्युनार्ड्सनं गाणं केलं. पुढे व्हिकर म्हणून कोल्स यांनी गावाचे अंत्यविधी केले. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांचे जोडीदार, तेही पाद्री, दारूच्या व्यसनातून आलेल्या यकृताच्या आजारानं वारले. २०२१ मध्ये त्यावर कोल्स यांनी पुस्तक लिहिलं, त्यात दफनाच्या कागदपत्रांपासून लोकांच्या द्वेषपत्रांपर्यंत सगळं आहे. पहिली कादंबरी आली ती त्यानंतर. या माणसाला मरण म्हणजे काय ते सांगायला आपण कोण?

आणि रक्त पानावर न सांडणं म्हणजे मरण हलकं करणं, हे समीकरणही मला पटत नाही. इंग्रजी रहस्यकथेचा बहर आला तो पहिल्या महायुद्धानंतर, घरटी एक फोटो हार घालून टांगलेला असावा अशा काळात. ॲगाथा ख्रिस्ती त्या युद्धात टॉर्कीच्या इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होत्या. विषांची माहिती त्यांना तिथल्याच औषधालयात मिळाली. आतडी बाहेर आलेली वाचायची गरज त्या वाचकांना नव्हती, ती त्यांनी पाहिली होती. त्यांना हवं होतं ते एवढंच, की एका माणसाच्या मरणाची कुणीतरी शेवटपर्यंत चौकशी करावी. चहाबद्दल म्हणाल तर मयताच्या घरी शेजारणी चहाची किटली घेऊन जातातच. ती थट्टा नसते.

उरलं खेडं. कोल्स यांच्या कादंबऱ्यांतलं चॅम्प्टन हे गाव काल्पनिक आहे, त्यात वाडा आहे, लॉर्ड आहेत, कुत्री आहेत. आणि हो, गोडवा जरा जास्तच आहे. इथे तक्रारीला अर्धे गुण देतो. गोष्टी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घडतात, ही लेखकाची सोय आहे. मोबाइल नाही, आणि एका व्हिकरला एकच गाव अजून परवडतं; आज तिथल्या ग्रामीण पाद्र्यांना अनेक चर्चं सांभाळत गाडी पळवावी लागते. स्त्रियांना पाद्री होता येत नव्हतं तो हा काळ, पहिल्या स्त्रिया १९९४ मध्ये झाल्या. म्हणजे जुनं जग निवडलं की बऱ्याच भांडणांना बगल देता येते.

पण सगळ्यांना नाही. पहिल्या कादंबरीत गाव फुटतं ते चर्चमध्ये संडास बांधायचा की नाही यावरून. त्यासाठी मागची बाकं काढावी लागणार, आणि बाकं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बसायच्या जागा. आपल्याकडच्या देवस्थानाच्या विश्वस्तांच्या बैठकीला जो एकदा बसलाय, त्याला यात अतिशयोक्ती दिसणार नाही. तिथे चर्चच्या इमारतीत असला बदल करायला धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते, आणि त्या परवानगीच्या वाटेवर जुनी वैरं पुन्हा उगवतात. वाड्यावरच्या लॉर्डसमोर पाद्र्यानं किती मान लवायची, सून म्हणून आलेली बाई किती वर्षांनी गावातली होते, या गोष्टी कोल्स गोड करून सांगतात हे खरं, पण सांगतात. निवृत्त झाल्यावर समलिंगी जोडप्यांना चर्च देत असलेल्या वागणुकीवर ते उघड बोलले आहेत, तेव्हा संस्थेच्या प्रेमात आंधळा झालेला हा लेखक नव्हे.

एक गंमत जाता जाता. ख्रिस्तींच्या मिस मार्पल या हौशी गुप्तहेर बाईंची पहिली कादंबरी १९३० ची. तिच्यात प्रेत सापडतं ते गावच्या व्हिकरच्या अभ्यासिकेत, आणि गोष्ट सांगतो तो व्हिकरच. त्याचं आडनाव क्लेमेंट. कोल्स यांच्या नायकाचं आडनावही क्लेमेंट. नवी क्लृप्ती म्हणणाऱ्यांसाठी पाटी अगदी दारावरच लावलेली आहे.

तक्रार करायचीच असेल तर जागा आहेत. पहिल्या पुस्तकात खून पडेपर्यंत फार वेळ जातो. पात्रांची नावं इतकी की मी शेवटच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढून ठेवली होती. कॉस्मो आणि हिल्डा या डॅशहुंड कुत्र्यांना जेवढी पानं मिळाली त्यांतली निम्मी पोलिसांना दिली असती तर तपास अधिक पटला असता. आणि डॅनियलला उत्तर सापडतं तेव्हा ते वाचकालाही सापडू शकलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. नॉक्स यांनी इथे लाल शाईनं खूण केली असती.