‘१६ चा काढा, ३२ चा घाला’ हा सल्ला मानू नका

गेला आठवडाभर आमच्या फोंड्याच्या बाजूला एक व्हॉट्सॲप संदेश फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली विचारलं होतं, ‘करू का असं?’ मजकूर थोडक्यात असा: पावसाळ्यात एमसीबी (जास्त प्रवाह गेला की लाइन तोडणारा बोर्डावरचा खटका) सारखा पडतो म्हणजे तो कमी ताकदीचा आहे, १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवा. आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा खटका) दमट हवेने उगाच पडतो, तो बायपास करा, म्हणजे त्याला वगळून लाइन थेट जोडा. पडला की तीन-चारदा वर ढकला, शेवटी धरतो. आणि दोष सगळा वीज खात्याच्या व्होल्टेजचा, घरात काही बिघडलेलं नसतं.

मी वीस वर्षं घरांच्या वायरिंगची कामं करतोय. यातल्या पहिल्या सल्ल्याने घराला आग लागू शकते आणि दुसऱ्याने माणूस जाऊ शकतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ‘३२ चा बसवा’ हे घेऊ. एमसीबी गिझरसाठी किंवा एसीसाठी नसतो, तो भिंतीतून गेलेल्या वायरसाठी असतो. प्लगच्या लाइनला साधारण अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असते, तिला १६ चा, फार तर २० चा एमसीबी. लाईट-पंख्याच्या दीडच्या वायरला ६ चा किंवा १० चा. आता हिशेब करा. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो. तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडीही तेवढेच घेते. दीड किलोवॅटची केटल साडेसहा. चवथीला घर माणसांनी भरलेलं, ही तिन्ही एकाच लाइनवर चालू, म्हणजे २४ अँपिअर. १६ चा एमसीबी थोडा वेळ सोसतो, आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. तिथे ३२ चा असेल तर तो पडणारच नाही, आणि मग तापेल ती वायर. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, आणि साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच टिकाव धरतं. ते मऊ होऊन करपायला लागलं तरी पाइपच्या आत आहे, तुम्हाला दिसणार नाही. यावर उपाय म्हणजे लोड वाटून घेणं. गिझर आणि एसी यांची लाइन थेट बोर्डापासून वेगळी ओढून घ्या.

एमसीबी कधीच बदलावा लागत नाही, असंही नाही. पंप सुरू होताना क्षणभर प्रवाहाचा मोठा झटका घेतो. तिथे चुकून ‘बी’ प्रकारचा एमसीबी बसला असेल तर तो बिचारा दर वेळी पडतो, ‘सी’ प्रकारचा लावला की थांबतो. पण अँपिअर तेवढेच ठेवायचे. कधी नुसता स्क्रू ढिला असतो. त्या जागी गरम होऊन एमसीबी लवकर पडतो, टोकाशी वायर काळपट झालेली दिसते.

आता आरसीसीबी. फेजने (वीज आणणाऱ्या वायरने) गेलेला प्रवाह सगळा न्यूट्रलने (परतीच्या वायरने) परत आला का, एवढंच तो बघतो. घरच्या आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लाइन तोडतो. तेवढा प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तरी जीव धोक्यात येतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतसुद्धा नाही. ओल्या पायांनी बिघडलेल्या वॉशिंग मशीनला हात लावणाऱ्या बाईला वाचवणारं घरात तेवढं एकच यंत्र आहे. ते बायपास करा, असं कोणी सांगूच कसं शकतं?

‘दमट हवेने पडतो’ यात अर्धं खरं आहे. पावसात तो जास्त पडतो, कारण पावसात कुठेतरी वीज खरोखरच गळत असते.

शिरोड्याला एका घरी मला असंच बोलावलं होतं. पाऊस लागला की आरसीसीबी पडायचा, उघडीप झाली की धरायचा. काकी म्हणाल्या, ‘बायपास कर रे बाबा, जेवण अर्धं राहतं.’ मी सगळे एमसीबी खाली केले, तरी आरसीसीबी धरेना. इथेच पुष्कळ जण आरसीसीबी खराब ठरवून मोकळे होतात. पण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गळती तिथूनही होते. मेन बंद करून न्यूट्रल एकेक करून सोडत गेलो. कंपाउंडच्या दिव्याचा सोडला आणि आरसीसीबी धरला. चिऱ्याच्या खांबावरचा दिवा उघडला तर आत बोटभर पाणी, मुंग्यांनी आणलेली माती, आणि काळ्या टेपने गुंडाळलेला जॉइंट त्या पाण्यात बुडालेला. न्यूट्रल आणि अर्थिंगची (जमिनीला जोडलेली) वायर हिरव्या गंजाने एक झालेल्या, फेजचा जॉइंटही त्याच पाण्यात. सकाळी मुलं शाळेच्या बसची वाट बघत त्याच खांबाला टेकून उभी राहायची. काकींना ते दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, मुलांना हाक मारून आत घेतलं.

असा गळका कोपरा गिझरच्या एलिमेंटमध्ये असू शकतो, विहिरीवरच्या पंपाच्या केबलमध्ये, मागच्या परसातल्या प्लगमध्ये. इन्व्हर्टर बसवताना दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र केले असतील तरी आरसीसीबी पडतो.

‘ढकलत राहा’ याला माझं उत्तर सोपं आहे: एकदाच. खटका मधे अडकतो, म्हणून आधी पूर्ण खाली, मग वर. एमसीबी लगेच खटकन पडला तर शॉर्ट आहे, पुन्हा हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर लोड जास्त आहे. त्या लाइनवरची सगळी उपकरणं प्लगमधून काढा, थोडं थंड होऊ द्या, मग वर करून एकेक जोडा. ज्याच्याबरोबर पडेल ते बाजूला ठेवा. काहीच न जोडता पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे, तिथे परवानाधारक वायरमनच हवा.

व्होल्टेजबद्दल एवढंच, की एमसीबी प्रवाह मोजतो, व्होल्टेज नाही. जवळ वीज कडाडली की आरसीसीबी कधी कधी पडतो, वर केल्यावर धरला तर चिंता नाही. मात्र दिवे अचानक फार प्रखर किंवा फार मंद होऊ लागले तर खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. तेव्हा मेन बंद करा आणि १९१२ वर फोन करा.

आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही, तर तो आरसीसीबी त्याच दिवशी बदला.

ज्या दोघांनी ‘करू का’ विचारलं, त्यांच्यापैकी एकाकडे उद्या सकाळी जातोय. तोवर त्याने गिझर बंद ठेवलाय, आणि एमसीबी १६ चाच आहे.