तुमचे कान अजून तयार नाहीत!

हाय-रेझोल्यूशन तबकडीचा, म्हणजे साध्या सीडीपेक्षा बारकाईने आवाज साठवते म्हणतात त्या महागड्या चकतीचा, खरा आनंद घ्यायचा असेल तर आधी दुसऱ्याच्या कानांवर शंका घ्यायला शिका. तुमचे स्वतःचे कान कसे आहेत हा प्रश्न गौण. पन्नाशी उलटल्यावर बहुतेकांना पंधरा हजार हर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही, आणि ही तबकडी वीस हजारांच्या वरचंही ऐकवते म्हणून विकली जाते. पण हे झालं कानाच्या डॉक्टरांचं म्हणणं. त्यांना गाण्यातलं काय कळतं?

आकडे पाठ हवेत. साधी सीडी 1982 ची: 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44 हजार 100 नमुने. सोनी आणि फिलिप्सची सुपर ऑडिओ सीडी 1999 ची: सेकंदाला 28 लाख 22 हजार 400 नमुने. एवढं बोलून थांबा, समोरच्याला दडपून जाऊ द्या. हे नमुने फक्त एकेका बिटाचे असतात हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका. कुणी विचारत नाही.

वायर बोटभर जाड आणि स्कूटरच्या किमतीची घ्या.

अब्दुल करीम खाँसाहेब ऐकायचे तर 192 किलोहर्ट्झमध्येच. खाँसाहेब 1937 साली गेले, मागे राहिलं ते 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर, आणि तिथे दहा हजार हर्ट्झच्या वर सुईच्या खरखरीशिवाय फारसं काही नाही. ती खरखर आता तुम्हाला पूर्ण वैभवात ऐकता येईल.

अधूनमधून 'एअर', 'साउंडस्टेज', 'ब्लॅक बॅकग्राउंड' म्हणत राहा. तंबोरा वाजत असेल तर डोळे मिटून "जवारी बघा, जवारी!" म्हणा.

आणि पाहुण्यांची परीक्षा घ्याच. गेल्या रविवारी एका परिचितांकडे मी ती देऊन आलो. ऐन उकाड्यात पंखा बंद, कारण त्याच्या घरघरीत 'मायक्रोडिटेल' मरतं. (खालून पाण्याच्या टँकरचा पंप चालू होता, त्यात बहुधा मरत नसावं.) तबकडी हायब्रिड, म्हणजे एकाच चकतीवर साध्या सीडीचा थर आणि वर तो भारी थर. आधी साधा वाजवला. मग "आता ऐका" म्हणत रिमोटची बटणं दाबली गेली. एक थर बदलण्याचं आणि पुढची दोन आवाज वाढवण्याची, हे मी शेजारीच बसलो असल्यामुळे दिसलं. आवाज अर्ध्या-एक डेसिबलने वाढला की कानाला तो मोठा वाटत नाही, 'स्वच्छ' वाटतो. दुकानदारांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे.

मी म्हटलं, आवाज समान ठेवा, बटण दुसऱ्या कुणाला दाबू द्या, मी भिंतीकडे तोंड करून ओळखतो. यजमानांचा चेहरा पडला. "संगीत म्हणजे काय प्रयोगशाळा आहे का?" आणि मग चारचौघांत, हसत हसत: "अहो, तुमचे कान अजून तयार नाहीत." सवाईच्या मांडवात रात्र रात्र काढलेल्या माणसाला हे! बाकीच्यांनी माना डोलावल्या. "पडदाच सरला हो मधला," एक वहिनी म्हणाल्या. मी प्लेअरकडे पाहिलं. डिस्प्लेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत अजूनही 'सीडी' असंच लिहिलेलं होतं. थर बदललाच नव्हता. मी बोट दाखवलं, तर म्हणाले, डिस्प्ले जरा बिघडलाय.

बरं, हे नुसतं आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या एलपी 'डिजिटलचा स्पर्श नसलेल्या' म्हणून लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. 2022 मध्ये कळलं की मधे डीएसडीची, म्हणजे याच सुपर ऑडिओवाल्या डिजिटलची, पायरी होती. वर्षानुवर्षं एका सोनेरी कानालाही पत्ता लागला नव्हता.

अमेरिकेतच मेयर आणि मोरन यांनी ही न बघता ओळखायची परीक्षा करून पाहिलीय. 2007 मध्ये छापलं. हाय-रेझोल्यूशन तबकडीचा आवाज मधेच साध्या सीडीच्या दर्जातून फिरवून आणला आणि लोकांना फरक ओळखायला लावला. 554 प्रयत्न, बरोबर 276. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. आता तुम्ही 2016 चा, फरक थोडा तरी कळतो म्हणणारा राइस यांचा निबंध नाचवणार, ठाऊक आहे. 18 प्रयोग एकत्र केले, साडेबारा हजारांवर चाचण्या, बरोबर उत्तरं 52.3 टक्के. प्रशिक्षित श्रोत्यांची त्याहून बरी, हेही मान्य. पण ते प्रशिक्षण म्हणजे सोफ्यावर बसून माना डोलावणं नव्हे!

मेयर-मोरन यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती कुणी वाचत नाही. या महाग तबकड्यांतल्या बहुतेक खरोखरच छान वाजतात, कारण त्यांचं रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग, म्हणजे तबकडी काढण्याआधी आवाजावरून फिरवलेला शेवटचा हात, जीव लावून केलेलं असतं. म्हणजे तेच मास्टरिंग साध्या सीडीवर दिलं तर तीही तशीच वाजेल. मग का नाही देत? सीडीवर सगळं दाबून, चेपून, पहिल्या सेकंदापासून किंचाळत ठेवायचं आणि नीट केलेलं गाणं चौपट किमतीला वेगळं विकायचं, याला तंत्रज्ञान म्हणतात? ही लबाडी आहे. आणि कंपन्यांना त्याबद्दल जाब विचारायचा सोडून तुम्ही घरी आलेल्या माणसाचे कान काढता!

विकत घ्या हो, पैसे तुमचे आहेत. पण निदान फरशीवर एक जाड सतरंजी टाका आणि स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा. तुमचा हॉल घुमतोय. बंदिशीचा एक शब्द धड कळत नाही, आणि कान मी तयार करू?