चप्पल मोठी घेतली म्हणून पाय वाढत नाही: चष्म्याविरुद्धच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. माहेरच्या, सोसायटीच्या, लेकाच्या वर्गाच्या आणि, याचं जास्त वाईट वाटलं, आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या. मथळा होता 'चष्मा म्हणजे डोळ्यांची कुबडी'. म्हणणं थोडक्यात असं: चष्मा लावला की डोळे आळशी होतात आणि नंबर वाढत जातो. मुलांना तर लावूच नये, वयाबरोबर नंबर आपोआप उतरतो. त्यांना उन्हात खेळू द्या. त्राटक (एका ठिकाणी टक लावून बघणं), पामिंग (तळहातांनी डोळे झाकून बसणं) आणि सूर्याकडे बघणं यांनी तीन महिन्यांत चष्मा सुटतो. तपासायचंच असेल तर दुकानात मशीनवर फुकट होतं. लेसर म्हणजे फसवणूक, चाळिशीनंतर चष्मा परत लागतोच. आणि हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण सगळ्यांचं पोट चष्म्यावर आहे.

पोटाचं आधी सांगते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि एका रुग्णालयात पगारावर आहे. दिवसाला चाळीस जणांचे नंबर काढले काय नि चार जणांचे काढले काय, महिनाअखेरीला आकडा तोच.

'चष्मा लावला की नंबर वाढतो'

लोकांना हे पटतं, कारण क्रम तसाच दिसतो. सातवीत चष्मा लागला तेव्हा नंबर दीड, दहावीत तीन. मधे काय झालं? चष्मा लावला. पण मधे पोरगं वीतभर उंचही झालं, त्याचा बोल कुणी चष्म्याला लावत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 23-24. मायनस नंबरच्या मुलांमध्ये ही वाढ थांबायची तिथे थांबत नाही. डोळा लांब होतो, प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडेच तयार होते आणि फळा धूसर दिसतो. जादा एका मिलिमीटरला अडीच ते तीन नंबर, असा ढोबळ हिशेब. चष्मा ती प्रतिमा मागे नेऊन पडद्यावर टाकतो, एवढंच त्याचं काम. पायाचं माप वाढलं म्हणून चप्पल मोठी घ्यावी लागते. चप्पल मोठी घेतली म्हणून पाय वाढत नाही.

'मग थोडा कमीच नंबर द्या, डोळ्याला सवय राहील,' असं पालक अजून सांगतात. एकेकाळी आमच्यातलेही काही जण तसा देत. मलेशियात हे 94 मुलांवर दोन वर्षं करून पाहिलं: एका गटाला पूर्ण नंबर, दुसऱ्याला मुद्दाम कमी. 2002 साली निकाल छापून आला. कमी नंबर दिलेल्यांचाच नंबर जास्त वाढला होता.

उन्हात खेळू द्या, हे मात्र शंभर टक्के बरोबर. चीनमध्ये ग्वांगझू इथल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर सोडलं, तर तीन वर्षांत शंभरातल्या 40 च्या जागी 30 मुलांनाच नव्याने मायनस नंबर लागला. पण यात नंबर उशिरा लागतो किंवा टळतो. लागलेला उतरत नाही. वाढ मंदावण्यासाठी आता खास काचांचे चष्मे आहेत, कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब आहेत. ते डॉक्टरांनी बघून द्यायचे असतात.

'मुलांना लावू नका, आपोआप जातो'

इथे माझा तोल सुटतो. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. आठ वर्षांचा, शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी हातात. उजवा डोळा झाकला तर पोरगं खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेलं. मग डावा झाकला. आधी ते माझ्या बोटांच्या फटीतून बघायला लागलं. फट बुजवली तर मान तिरकी केली. शेवटी डाव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली, तेव्हा वरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं ओळखलं आणि गप्प झालं.

"अहो मॅडम, आत्ता तर वाचत होता की!" आजी म्हणाल्या.

थेंब टाकून तपासलं तर उजव्याला प्लस पाच (प्लस म्हणजे मायनसच्या उलट, डोळा आखूड पडल्याचा नंबर), डाव्याला जवळजवळ काही नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी चष्मा सांगितलाही होता. शाळेत 'ढापण्या' म्हणतील आणि मोठेपणी जाईलच, म्हणून तो कपाटात राहिला. बघायला डोळा लागतो तसा मेंदूही लागतो, आणि मेंदू हे लहानपणीच शिकतो. एका डोळ्याकडून सतत पुसट चित्र आलं की तो त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. म्हणजे मेसेजमधला 'आळशी' शब्द खरा आहे, फक्त डोळा आळशी होतो तो चष्मा न लावल्याने. मोठेपणी लावलेला चष्मा किंवा केलेलं लेसर मग ती उणीव भरून काढत नाही.

'आपोआप जातो' हे आलं कुठून, तेही सांगते. अगदी लहान मुलांना थोडासा प्लस नंबर असतोच, आणि डोळा वाढताना तो खरंच उतरतो. मायनस तसा उतरत नाही, आणि प्लस पाचची वाट बघायची नसते. आजींचा नातू आता चष्मा लावून चांगला डोळा रोज काही तास झाकून बसतो. चार महिन्यांत दोन ओळी खाली सरकलाय.

'त्राटक, पामिंग, सूर्यदर्शन'

पामिंग आपल्या ऋषिमुनींचं नव्हे, न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स नावाच्या डॉक्टरांचं. 1920 साली त्यांनी मांडलं की जवळचं-लांबचं बघताना डोळ्यातलं भिंग काही करत नाही, सगळं बाहेरचे स्नायू करतात. ते सैल सोडा, चष्मा जाईल. याचा निकाल घरातच लावता येतो. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, भिंग बदलतं, बाहेरचे स्नायू जागच्या जागी असतात. तरी साधं भिंग बसवलं असेल तर पेपर वाचायला चष्मा लागतोच ना?

तळहातांनी डोळे झाकून पाच मिनिटं बसा, बरं वाटतं, मीही बसते. काही व्यायाम खरोखर उपयोगाचे आहेत: जवळचं बघताना दोन्ही डोळ्यांची जोडी नीट जुळत नसेल तर आम्हीच करून घेतो. त्याने डोकेदुखी थांबते, नंबर नाही जात. सूर्याकडे टक लावून बघणं मात्र कृपा करून नको. पडद्याचा मधला भाग भाजतो, आणि तिथे दुखत नसल्यामुळे भाजताना कळतही नाही.

'दुकानात मशीनवर फुकट'

ते मशीन सगळ्यांना माहीत आहे: हनुवटी टेका, रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. तो आकडा म्हणजे सुरुवात. मुलं त्या फुग्याकडे जवळचं बघितल्यासारखा जोर लावतात, मग मशीन मायनस जास्त दाखवतं. म्हणून हा जोर सैल करणारे थेंब टाकून तपासायचं असतं.

कोण काय करतं हा घोळ बराच आहे. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. आजार, औषध, शस्त्रक्रिया त्यांच्याकडे. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे बारावीनंतर इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी. नंबर, कॉन्टॅक्ट लेन्स, डोळ्यांची जोडी आमच्याकडे, आणि काही वेगळं दिसलं की डॉक्टरांकडे पाठवणं. 2021 च्या केंद्रीय कायद्यात आमच्या व्यवसायाची नोंदही आली. ऑप्टिशियन चष्मा बनवतात, आणि ते काम हलकं समजू नका: मोठ्या नंबरात दोन बाहुल्यांमधलं अंतर थोडं चुकलं तरी डोकं दुखतं. दुकानात पदवीधर ऑप्टोमेट्रिस्ट बसत असतील तर नंबर तिथे बिनधास्त काढा. पण काचबिंदू सहसा दुखत नाही, आणि फुग्याच्या मशीनमध्ये दिसतही नाही. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्याच.

थेंबांची बातमी

मेसेजखाली कुणीतरी 'थेंब टाका, चष्मा विसरा' अशी 2024 ची बातमी चिकटवली होती. 'प्रेसव्ह्यू' नावाचे ते थेंब, चाळिशीनंतर लागणाऱ्या वाचायच्या चष्म्याऐवजी. औषध नियंत्रकांनी ऑगस्टमध्ये परवानगी दिली आणि मंजुरीत नसलेले दावे केले म्हणून सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. आतलं औषध पायलोकार्पिन, काचबिंदूसाठी एकोणिसाव्या शतकापासून वापरातलं. त्याने बाहुली बारीक होते. मूठ वळून बारीक फटीतून पेपर बघा, अक्षर जरा ठळक दिसेल; तेच तत्त्व, काही तासांपुरतं.

'लेसर म्हणजे फसवणूक'

चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो हे खरं. पण तो सगळ्यांना लागतो, ज्यांना कधीच नंबर नव्हता त्यांनाही. म्हणून तर मराठीत त्याला चाळिशीच म्हणतात. लेसर होतं बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक थरावर (कॉर्नियावर), चाळिशी येते आतलं भिंग कडक झाल्याने. हे आधी न सांगणारा डॉक्टर चुकला, लेसर नाही.

या लेसरमागे आपल्याकडचा माणूस आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला आवडलं असतं. मद्रास विद्यापीठात शिकलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत घरून आणलेल्या, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेसर मारून पाहिलं, आणि आजूबाजूला न भाजता स्वच्छ चर पडली.

सगळ्यांना ते चालत नाही. बुबुळ मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडंच जाड असतं, आणि त्यातलं घासून पुरेसं उरावं लागतं. वय 18 पूर्ण, वर्षभर नंबर स्थिर, बुबुळाचा आकार सरळ असं सगळं जुळलं तरच करतात. नाही जुळलं तर डोळ्याच्या आत बसवायची लेन्स किंवा चष्मा. 'तुम्हाला करता येणार नाही' असं सांगून परत पाठवणारे डॉक्टर मी रोज बघते.

आणि जे मेसेजमध्ये हवं होतं ते नाहीच. लेसरने बुबुळाचा उतार बदलतो. डोळा होता तितकाच लांब राहतो. मायनस आठचा डोळा चष्म्याविना शेवटची ओळ वाचू लागला तरी आतला पडदा तितकाच ताणलेला असतो. वर्षातून एकदा थेंब टाकून तो बघून घ्यायचा, आणि अचानक विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे ठिपके उडू लागले किंवा कडेने सावली सरकू लागली तर त्याच दिवशी यायचं. गेल्या वर्षी एक तरुण सावली दिसू लागल्यावर आठ दिवसांनी आला. तोवर पडदा मध्यापर्यंत सुटला होता. "लेसर झालंय ना माझं," तो म्हणाला, "मला वाटलं आता डोळ्यांचं काही राहिलं नाही."