फॉरमॅट का मारला नाही? एक स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की घरचा पीसी स्लो झाला म्हणून आमच्याकडे आणला, साधं फॉरमॅट मारून (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकून) द्या म्हणलं तर ते केलंच नाही, दोन दिवस ठेवून घेतला, हार्ड डिस्क बदला म्हणून मागे लागलो, नुसतं बघायचे ३०० रुपये घेतले, आणि शेवटी भाच्यानं घरी फुकटात फॉरमॅट मारला तर आता मशीन पळतंय, म्हणजे आम्ही लुटारू.

लुटारूचं नंतर बघू. आधी कामाचं. फोटो आणि सोसायटीच्या हिशोबाच्या फायली भाच्यानं परत त्याच डिस्कवर टाकल्या असतील तर आजच्या आज एक्स्टर्नल डिस्कवर नाहीतर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. माझं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता फॉरमॅटचं. आमच्याकडे स्लो म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये बऱ्याचदा काही बिघडलेलं नसतंच. स्टार्टअपला दहा गोष्टी एकदम उठत असतात, दोन-दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, सी ड्राइव्ह लाल झालेला असतो, नाहीतर कुठल्या तरी वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते आणि कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय' असं दर पाच मिनिटांनी येत असतं, जो व्हायरस नसतोच. अजून एक म्हणजे लोक रोज शटडाऊन करतात आणि त्यांना वाटतं मशीन रोज ताजं सुरू होतंय, पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आतला बराचसा भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, खरी साफसफाई रिस्टार्टनंच होते. असलं काही असतं तर तुमच्यासमोर काउंटरवर करून दिलं असतं आणि तुम्ही चहा पिऊन मशीन घेऊन गेला असतात.

तुमच्या मशीनचं तसं नव्हतं. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू निवांत, रॅम निम्मी रिकामी, आणि डिस्क १०० टक्के. बरं १०० टक्के बिझी असून डेटा किती हलतोय, तर सेकंदाला जेमतेम एखादा एमबी. धडधाकट हार्ड डिस्क सलग कॉपीला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास सहज जाते. म्हणजे डिस्क काम करत नव्हती, एकाच जागी अडकून परत परत वाचायचा प्रयत्न करत होती, आणि ती अडकली की विंडोजही तिच्यासाठी थांबून राहतं, तोच तुमचा 'फोल्डर उघडायला पाच मिनिटं'. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघितलं तर पिवळं कॉशन, म्हणजे धोक्याची सूचना; पेंडिंग सेक्टरही (नीट वाचता न येणारे डिस्कचे तुकडे) होते आणि रीअलोकेटेडही (खराब म्हणून राखीव जागेवर हलवलेले). त्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला तेव्हाच व्हॉट्सअॅप केलाय, वर स्क्रोल केलंत तर सापडेल.

अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडून नवी चिकटवणं, आतली कुजकी पानं तिथंच राहतात. क्विक फॉरमॅट तर सगळ्या डिस्कला हातसुद्धा लावत नाही. मग भाच्याकडं पळालं कसं? पळणारच, नवीन विंडोज डिस्कवरच्या दुसऱ्या जागी बसलं, जुना सगळा कचरा गेला, आणि काही खराब सेक्टरवर नव्यानं लिहिलं गेलं की डिस्क गुपचूप स्वतःकडचे राखीव सेक्टर वापरते. भाच्यानं काम नीटच केलंय, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. त्याला फक्त एवढं सांगा की क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे, डाउनलोड कर आणि ०५ (रीअलोकेटेड) आणि सी५ (पेंडिंग) या दोन ओळींचे रॉ आकडे आज लिहून ठेव, पंधरा दिवसांनी परत बघ. (आकडे हेक्समध्ये, म्हणजे मधे ए ते एफ अक्षरं असलेले दिसतात, घाबरू नका.) वाढत असतील तर समजून जा.

दोन दिवसांचं म्हणाल तर डिस्कचा पूर्ण सरफेस स्कॅन (प्रत्येक सेक्टर वाचून बघणं) लावला होता, १ टीबीची चांगली डिस्क असली तरी त्याला काही तास जातात, खराब असली की रात्र जाते, आणि मधे गुरुवार आला. गुरुवारी आपल्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. फोन करून आधी बॅकअप घेऊ का म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात फॉरमॅट सोडून कशाला हात लावू नका. मग नाही लावला. पण बॅकअपशिवाय फॉरमॅट मी मारत नाही, कुणाच्याच मशीनवर, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी.

३०० रुपयांबद्दल: 'तपासणी ३०० रु., काम केल्यास बिलातून वजा' ही पाटी काउंटरच्या मागे डोळ्यांसमोर लावलीये. पुण्यात पाट्या लावायची हौस सगळ्यांना, वाचायची कुणाला नाही.

आणि गळ्यात मारण्याचं. मी तुम्हाला म्हणलं होतं की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) तुम्ही स्वतः तपकीर गल्लीतल्या बाजारातून आणा, हव्या त्या कंपनीची, बिल तुमच्या नावावर, मी फक्त बसवून विंडोज टाकून देतो. तुमचं मशीन जुनं आहे पण साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारी) त्यात आरामात बसते आणि मेल, यूट्यूब, एक्सेलला ते अजून काही वर्षं पुरेल. मला विकायचंच असतं तर 'विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमच्या चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही' एवढं खरं बोलूनसुद्धा अख्खा नवीन पीसी विकता आला असता. भाच्यानं कुठलं विंडोज टाकलंय ते मात्र विचारा, १० असेल तर वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी करून घ्या, आणि क्रॅकवालं असेल तर त्या मशीनवर बँकेचं काही करू नका.

स्टार एकचा पाच करा असं म्हणत नाही, तुमची मर्जी. डिस्कमधून टक टक असा आवाज यायला लागला तर मात्र परत परत चालू करून बघू नका, वायर काढा आणि फोन करा. त्या अवस्थेत जितकी जास्त फिरवाल तितकं रिकव्हरीवाल्याच्या हाताला कमी लागतं. रविवारी दुकान बंद असतं पण फोन चालू असतो.