लाइट कायले पाहिजे?

परवा नागपुरात बर्डीवर सायकलचा हेडलाइट घ्यायला गेलो होतो. डोकं अजून तापलेलंच आहे.

दुकानदाराने काउंटरवर खोकी आपटली. एकावर चक्क '१०,००० लुमेन' छापलेलं. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. कारचा हॅलोजन हजार-दीड हजारावर दमतो आणि हा अंगठ्याएवढा डबा म्हणे दहा हजार! मला शहरात दोन-तीनशे भरपूर होते. फक्त उजेड वरून कापलेला हवा, समोरच्याच्या डोळ्यात न जाता रस्त्यावर पडणारा. जर्मनीत तर सायकलच्या दिव्याला तसा नियमच आहे. हे मी दुकानदाराला सांगत होतो, ऐकलं मात्र स्टुलावरच्या काकांनी. नातवाच्या सायकलचं पंक्चर निघेपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं.

"भाऊ, रस्त्यावर खांबाले लाइट आहेत ना? मंग तुम्हाले लाइट कायले पाहिजे?"

"मला दिसावं म्हणून नाही काका, मी दिसावा म्हणून."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढे मोठे तं आहा तुम्ही! दिसून तं राहिले!"

दुकानदार खुदकन हसला.

"आमच्या टाइमाले डायनॅमो होता," काका सुटले. "चाकाले टेकवला का घूंऽऽ! पायडल मारलं तं उजेड, थांबले तं अंधार. चार्जिंग नाही, काही नाही."

थांबलं की अंधार! म्हणजे चौकात, समोरून वळणाऱ्या ट्रकसाठी आपण नाहीच. पण हे बोलायच्या आत काकांनी मी निवडलेला, वरून कापलेल्या उजेडाचा एकुलता एक पीस उचलला आणि थेट माझ्या डोळ्यांवर मारला.

"पावर हाये बाप्पा! हा मलेच द्या. आमच्या संडासातला बल्ब दिवाळीपासून गेला हाये."

अहो, मग बल्ब घ्या ना! शेजारच्याच दुकानात मिळतो. पण काका जुने गिऱ्हाईक. "तुमचा पुढच्या हप्त्यात येऊन जाईन भाऊ," दुकानदार म्हणाला, आणि दहा हजारवाला माझ्या हातात ठेवला. त्याला मोड पाच. बंद करायचा तर लुकलुक, मदतीचा एसओएस इशारा, सगळं पार करत जावं लागतं. वर भोंगाही आहे, फुकट.

वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या डबलडेकरने २०२२ मध्ये गिनीज विक्रम केला. खाली सायकलवाल्याने कुठून जायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही. जो तो अप्पर मारत अंगावर येतो. डिप्परचं बटण कंपनीने शोभेला दिलं असावं.

काल रात्री छत्रपती चौकात एका कारवाल्याने खास काच खाली करून मलाच सुनावलं, "ओ भाऊ, लाइट खाली करा ना! डोळ्यावर येऊन राहिला!"

त्याचा अप्पर चालूच होता.